आधी गोळी, मग बिडी

गजभिये सिस्टरांचं वजन किती होतं, ते आमच्या गावात कोणालाच कधी कळलं नाही. गावातल्या झाडून सगळ्या बायकांचं वजन मात्र त्यांच्या रजिस्टरात होतं. मी पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली आशा म्हणून काम केलं. त्यांचं बीपी मोजलं, गुडघ्यांना तेल चोळलं, त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि त्यांच्याच हातचा चहाही प्यायले. पण त्या काट्यावर चढलेल्या मी पाहिल्या नाहीत. मी आग्रह केला की म्हणायच्या, "काटा सरकारी आहे बाई. मोडला तं पंचनामा होईल."

अंगाने बाई भल्ली जाड. उपकेंद्रातल्या हाताच्या खुर्चीत त्या मावत नसत, म्हणून बिनहाताची एक लोखंडी खुर्ची त्यांनी शाळेतून मागून आणली होती. त्या येताना आधी श्वास ऐकू यायचा, मग चपला, मग सिस्टर दिसायच्या. आवाज असा, की समाजमंदिरातला माईक बंद पडला तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. गावातल्या बायकांचा त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून भरवसा बसला तो या अंगामुळेच. आमच्याकडे बाई अंगाने भरली की ती सुखात आहे असं धरतात. आधीची नर्सबाई बिचारी वाळकी होती. तिच्या हातची लोहाची गोळी कोणी घ्यायचं नाही. जिला स्वतःला लागू पडत नाही ती आपल्याला काय देणार, असा हिशोब.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, दवनीवाड्याच्या अलीकडे, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. इथल्या म्हाताऱ्या बायका काट्यावर चढायला तयार नसत. धानाला तोलतात, जित्या माणसाला तोलत नाहीत, आणि आकडा मोठ्याने बोलला की अंग उतरतं, असं त्यांचं म्हणणं. मी भांडायचे, कायद्याची भाषा करायचे. कोणी ऐकेना. सिस्टर आल्या आणि आठ दिवसांत त्यांनी गाव काट्यावर चढवलं. आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजतात. सिस्टरांनी तेच उचललं. बाई काट्यावर चढली की त्या वाकून काटा बघायच्या, आकडा मुकाट्याने लिहायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "लाभ." पोरगी असो की म्हातारी, वाळकी असो की थोराड, प्रत्येकीला लाभ. मोजली एकदाच, पहिलं माप झालं, नजर लागायचं कारण नाही. एकदा आरोग्य केंद्राचे डॉक्टर साहेब पाहणीला आले होते. त्यांनी विचारलं, "सिस्टर, हे काय नवीन माप?" त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या किलोले इथं कोनी विचारत नाही."

हे सगळं हसण्यावारी सांगते आहे, पण ती बाई तिथे कोंडलेली होती. नर्सबाईने उपकेंद्रातच राहायचं, चोवीस तास, असा नियम. मागे दोन खोल्यांचं क्वार्टर. त्याचं दार बाळंतपणाच्या खोलीतून उघडायचं. म्हणजे दूध आणायला जायचं तरी त्या लोखंडी टेबलाला वळसा घालून जायचं. खिडकी एकच, तिला जाळी, आणि जाळीतून समोर गोदामाची भिंत. सिस्टर जेवत असोत, न्हाणीत असोत, माणसं त्या जाळीला तोंड लावून हाका मारायची. मिस्टर गोंदियाला रेल्वेत. दर उन्हाळ्यात सिस्टर बदलीचा अर्ज करायच्या, दर पावसाळ्यात तो कुठेतरी मुरायचा.

भाचीच्या लग्नाला निघाल्या होत्या एकदा. जांभळी रेशमी साडी, मोत्याचं गळ्यातलं, हातात आहेराची पिशवी. फाट्यावर गेल्या आणि एकीला ताप चढला म्हणून परत आल्या. पुन्हा गेल्या, एका पोराला विंचू चावला. तिसऱ्यांदा बस समोर उभी होती, एक पाय पायरीवर होता, आणि मागून कोणीतरी सायकल दामटत आलं, सुनेची पाणमोट फुटली म्हणत. कंडक्टर म्हणाला, "बाई, वर तरी या, नाहीतर खाली तरी उतरा." सिस्टर उतरल्या. तीच साडी वर खोचून त्यांनी बाळंतपण केलं. संध्याकाळी पायरीवर बसून मला विचारलं, "ललिता, खरं सांग. मी आत आहे का बाहेर?" मी म्हटलं, साडीवरचे डाग थंड पाण्याने जातील.

आता मुख्य गोष्ट सांगते. जिल्ह्याला एक प्रशिक्षण झालं, बायकांच्या छातीच्या कर्करोगाचं. मीही सोबत होते. तिथून सिस्टर परत आल्या त्या एकदम फुलून. डोक्यात काहीतरी शिजत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात बायका जमवल्या. आमच्या गावात निम्म्या घरांत बिड्या वळतात. बायका सभेलाही सूप घेऊन येतात, कान वक्त्याकडे आणि बोटं तेंदूपानावर. पुढच्या रांगेत सगुणाबाई बसली होती. विधवा, पंचावन्नच्या आसपासची, काटकुळी. पोरगा बाहेरगावी, घरात एकटी. पण बिडी अशी वळायची की सट्टेदार तिचा माल न तपासता उचलायचा. सट्टेदार म्हणजे घरोघरी पान-तंबाखू देऊन तयार बिड्या नेणारा माणूस.

सिस्टरांनी सगुणाबाईच्या मांडीवरचं सूपच उचललं आणि सगळ्यांना दाखवलं.

"पाळी चालू असते तवा बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन अंडाशयात बनते. तो झाला कारखाना. पन्नाशीच्या आगेमागे कारखान्याले कुलूप लागते, पाळी जाते. आता मले सांगा, कारखान्याले कुलूप लागलं म्हून गोंदियात बिडी बंद होते का?"

"कायची बंद होते? आमी घरी वळून राहिलो ना," दोघी-तिघी म्हणाल्या.

"तसंच अंगात आहे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन ग्रंथी आहेत, ते समजा सट्टेदार. ते कच्चा माल धाडतात. आनि चरबीच्या पेशी म्हंजे तुमी. पोटावर, मांडीवर, छातीत, जागोजागी सूप घेऊन बसल्या आहेत. त्यांच्यापाशी एक कैची असते. तिचं विलायती नाव मोठं आहे, ते मले बी पाठ झालं नाही. त्या कैचीनं त्या कच्च्या मालाचं इस्ट्रोजेन बनवतात. चरबी जास्त, तं वळनाऱ्या बाया जास्त. बाया जास्त, तं माल जास्त. आनि छातीतल्या काही पेशी अशा असतात का हा माल भेटला की वाढाले लागतात. वाढता वाढता एखादी बिघडते. तोच कर्करोग."

एवढं साफ मी त्याआधी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवून दोन तासांत जे समजावलं नाही ते या बाईने सुपात घालून दाखवलं. बायका एकमेकींच्या पोटाकडे बघायला लागल्या. जाड होत्या त्या पदर सारखा करायला लागल्या. तेवढ्यात सगुणाबाई म्हणाली, "मंग मी तं सुटली सिस्टर. माह्या अंगात येक बी बाई बसाले जागा नाही."

हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने सिस्टर हसल्या. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "हो वो बाई. तू सुटली."

बस, एवढंच. माझ्याही कानावर ते शब्द पडले आणि मीही हसले.

महिन्याभराने उपकेंद्रात छातीची तपासणी ठेवली. ज्या बायकांना मागे मागे फिरून बोलवावं लागायचं, त्या आपणहून रांगेत. पण सगळ्या भरलेल्या अंगाच्या. बारकी एक नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मी कबूल करते. सगुणाबाईच्या दारावरून जाताना आवाज दिला, तर ती म्हणाली, "मले कायले बलावते? सिस्टरच म्हनाल्या ना." मी म्हटलं बरं, आणि पुढच्या घरी गेले. पुढच्या घरी जाऊन मी तीच बिडीची गोष्ट सांगितली. पुढचे किती दिवस मी ती घरोघरी सांगत होते, आणि सांगताना मला फार हुशार असल्यासारखं वाटायचं.

सव्वा वर्षाने, होळीच्या आठवड्यात, सगुणाबाई उपकेंद्रात आली. काखेत बेंड आलंय म्हणाली. सिस्टर तिला पडद्याआड घेऊन गेल्या. बाहेर आल्या आणि हात धुवत राहिल्या. साबण दोनदा लावला, तीनदा लावला. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सगुणा, छातीत गाठ आहे तुह्या. कदीपासून आहे?"

"धान कापून राहिलो होतो, तवापासून."

"एवढे दिवस काऊन नाही सांगतलं?"

सगुणाबाईने चोळीची गाठ बांधली. तिच्या आवाजात राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. एखादी गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाला पुन्हा सांगावी तसं ती म्हणाली, "तुमीच तं म्हनाल्या होत्या, मी सुटली म्हून. मले वाटलं, दुसरं काही असन."

नळ चालू होता, तो मी बंद केला.

त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. पंधरा वर्षांत चहा न घेतलेला तो एकच दिवस. क्वार्टरात पलंगावर बसून म्हणाल्या, "खोटं नव्हतं वो ललिता. येक शब्द खोटा नव्हता. पन अर्धं होतं. अन् मी मजा करून राहिली होती. लोक हसून राहिले होते न, मले भल्लं गोड वाटलं." मला त्यांची कीव आली, आणि स्वतःची लाजही वाटली. तिच्या दारावरून मीच बरं म्हणून निघून गेले होते.

पुढचं सगळं सिस्टरांनीच केलं. रजा टाकून सगुणाबाईला नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. तिथे तासन्तास बाकावर बसून असताना त्यांनी स्वतःचाही कागद काढला. म्हणाल्या, "गावातल्या सगळ्यांचं मी तपासतो, माहं कोन तपासन? आलीच आहे तं उरकून घेतो." दोघींची तपासणी झाली. सिस्टरांचा रिपोर्ट साफ आला. सगुणाबाईचा आला तो खराब, आणि खाली लिहिलेलं होतं की ही गाठ इस्ट्रोजेनवरच पोसली जाणारी आहे.

सिस्टरांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलंच, की हिच्या अंगात चरबी कुठे आहे? त्या समजूतदार होत्या. म्हणाल्या, "वाळलेल्या बाईच्या अंगातही चरबी असतेच, छातीत तर असतेच असते. तिथेही हे काम चालतं. शिवाय कारणं एक नसतात. चरबी जास्त म्हणजे धोका जास्त, हे खरं. पण चरबी कमी म्हणजे माफी, असं नाही."

परतीच्या गाडीत सगुणाबाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती. सिस्टर तिच्याकडे बघत म्हणाल्या, "जाडीचा रिपोर्ट साफ, बारकीचा खराब. आता मी गावाले काय सांगू?"

आणि इथून सिस्टर खऱ्या अडकल्या. गावात आल्यावर त्या दारोदार फिरल्या, गुडघे धरत, धापा टाकत. बारक्या बायकांना सांगायच्या, तपासून घ्या, तुम्हालाही होऊ शकतो. बारक्या म्हणायच्या, "पन सिस्टर, आमच्या अंगात वळनाऱ्या बायाच नाहीत ना." जाड्या म्हणायच्या, "म्हंजे तुमचं चरबीचं खोटंच होतं. सगुणाले कुठं होती चरबी?" आणि त्या पुन्हा निवांत. सिस्टर म्हणायच्या, "खरं आहे, पन..." त्या 'पन'च्या पुढचं ऐकायला कोणी थांबत नव्हतं. गोष्ट गोड झाली होती, सगळ्यांच्या तोंडी बसली होती. एका दुपारी माझ्या ओसरीवर बसून म्हणाल्या, "चरबीचं सांगतलं तं बारक्या घरी बसतात. नाही सांगतलं तं जाड्या घरी बसतात. मी माह्याच बोलन्यात कोंडून बसली ललिता. येक बी दार उघडं दिसत नाही."

स्वतःचं अंग कमी करायचाही प्रयत्न त्यांनी याच दिवसांत केला. रस्त्यावर फिरायला जावं तर दर दाराला पेशंट, म्हणून पहाटे त्या बाळंतपणाच्या टेबलाभोवतीच फेऱ्या घालायच्या. मी एकदा मोजल्या तर रागावल्या. भात सोडला. धानाच्या मुलखात भात सोडणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. आठ दिवसांत गावभर झालं, की सगुणाचं पाहून सिस्टरांनाही तोच रोग लागला, सुकून राहिल्या बापा. बायका गाडगी भरभरून आंबील घेऊन रडत जाळीशी उभ्या राहिल्या. नवव्या दिवशी सिस्टर भात जेवल्या, तो बायकांना दाखवून जेवल्या. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

सगुणाबाईचं ऑपरेशन झालं. एक छाती काढली, सुया झाल्या, डोक्यावरचे केस जाऊन परत आले. मग सुरू झाली ती पिवळी गोळी. रोज एक, पाच वर्षं. सिस्टरांनी तिला समजावलं, पण आता जपून, शब्द मोजून: "या गोळीनं ती कैची बंद पडते सगुणा. मंग अंगात कच्चा माल आला तरी त्याचं इस्ट्रोजेन बनत नाही. रोग परत याले मार्ग राहत नाही, असं नाही म्हनत मी. पन लई कमी राहतो. चुकवाची नाही."

चार-पाच महिने बरे गेले. मग सगुणाबाईच्या ओसरीवरचं सूप रिकामं दिसायला लागलं. त्या गोळीने सांधे धरतात. कोणाचे गुडघे धरतात, कोणाची कंबर. हिची नेमकी बोटं धरली. सकाळी मूठ उघडेना, कैची पेलेना. सट्टेदाराने आधी तिच्या बिड्या तपासून घ्यायला सुरुवात केली, मग पान कमी दिलं. नागपूरला दाखवलं, गोळी बदलून दिली, तीही पिवळीच, व्यायाम सांगितले. थोडा फरक पडला, फार नाही. आणि एक दिवस अचानक सगुणाबाईची बोटं एकदम चांगली चालायला लागली.

मला आनंद झाला. सिस्टरांना मात्र शंका आली. संध्याकाळी आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. सिस्टर काही न बोलता ओसरीवरचे डबे उघडत गेल्या. तंबाखूच्या डब्यात तळाशी काडीपेटी सापडली. तिच्यात पिवळ्या गोळ्या होत्या, जवळजवळ महिनाभराच्या.

सगुणाबाईने मान खाली घातली नाही. म्हणाली, "घेतो तं बोटं उघडत नाहीत. बोटं नाही उघडली तं पान भेटत नाही. पान नाही तं मी दिवसभर काय करू सिस्टर? घरात दुसरं मानूस नाही. भिताडाकडे पाहत बसू? तुमी अंगातली कैची बंद कराले गेल्या, न हातातली बंद पडली."

मला वाटलं, आता सिस्टर गाव गोळा होईल अशा ओरडणार. त्यांनी भिंत धरली, मग खांब धरला, मग माझा खांदा. आणि ते सगळं अंग हळूहळू, कण्हत, त्या सारवलेल्या जमिनीवर बसवलं. सगुणाबाईच्या पुढ्यातलं सूप आपल्या मांडीवर ओढलं. ओल्या फडक्यातून तेंदूपान काढलं, वर मापाचा पत्र्याचा फर्मा ठेवला, कैचीने कापलं, तंबाखू पसरला, वळला, दोरा मारला, टोक दाबलं. माझी पापणी लवायच्या आत बिडी तयार. आम्ही दोघी बघतच राहिलो.

"आमगावकडं माह्या मायच्या घरी सातजनं वळत होतो," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "दिव्याखाली पुस्तक, मांडीवर सूप. नर्सची ऑर्डर आली त्या दिवशी शपथ घेतली होती, का मेली तरी या सुपाले परत हात लावनार नाही." मग सगुणाबाईकडे बघून म्हणाल्या, "तुहं पान कमी होऊ देत नाही मी. तू अर्धं वळ, अर्धं मी वळतो. पन आधी गोळी, मग बिडी."

सगुणाबाईने गोळी घेतली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी उपकेंद्र आटोपलं की सिस्टर तिथे. दारात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं, आधी गोळी. मग दोघी समोरासमोर बसायच्या, बोलायच्या कमी. उठताना मात्र तमाशा. खाली बसलेल्या सिस्टरांना एकटीने उठता यायचं नाही. मी एका बाजूने, सगुणाबाई दुसऱ्या बाजूने. तिच्या बोटांत पकड नव्हती म्हणून ती कोपर पुढे करायची आणि सिस्टर ते कोपर धरून उठायच्या. कधी मला यायला उशीर झाला तर त्या तासभर तशाच जमिनीवर अडकून बसलेल्या असायच्या, पाय बधिर, तोंडाने मला शिव्या.

कोणीतरी वर तक्रार केलीच. डॉक्टर साहेब आले, तोच तो 'लाभ'वाला माणूस. म्हणाले, "सिस्टर, उपकेंद्रावर तंबाखूबंदीचा बोर्ड आहे ना?"

"आहे सर. मीच लावला."

"आणि तुम्ही बिड्या वळता?"

"वळतो सर. तंबाखू काय करते ते मले नोका सांगू, माहा बाप त्यातच गेला. येका हातानं वाचवतो, दुसऱ्या हातानं जाळतो, मले माहीत आहे. त्या बाईनं गोळी घ्यावी म्हून दुसरा उपाय सांगा, उद्या सूप खाली ठेवतो."

साहेबांनी एकदा बोर्डाकडे बघितलं. मग म्हणाले, "तिची बोटं कशी आहेत आता?" तक्रारीचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

बदली शेवटपर्यंत आली नाही. निवृत्ती आली. सगुणाबाईच्या गोळीची पाच वर्षं व्हायला तेव्हा दोन वर्षं बाकी होती.

निरोपाचा कार्यक्रम दुपारी होता. सिस्टर ती जांभळी रेशमी साडी नेसल्या होत्या. डाग गेले नव्हते, निऱ्यांत लपवले होते. नारळ झाला, शाल झाली, भाषणं झाली. बारक्या-जाड्या सगळ्या बायका आल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "सिस्टर, आता तरी काट्यावर चढा." सिस्टर म्हणाल्या, "जाताना पंचनामा नोको." मिस्टर गोंदियाहून ऑटो घेऊन आले होते, सामान भरून झालं होतं. आणि सिस्टर कुठेच दिसेनात.

मला ठाऊक होतं. मी गेले तर त्या सगुणाबाईच्या ओसरीवर, जमिनीवर बसलेल्या. रेशमी साडीवर सूप. सगुणाबाई भिंतीला टेकून समोर. दोघींच्या मध्ये काडीपेटी.

"आधी गोळी," सिस्टर म्हणाल्या.

"आज नाही घेत," सगुणाबाई म्हणाली. "उद्या तुमी येनार नाही. परवा येनार नाही. मंग आजची घेऊन काय करू?"

बाहेर ऑटोचा हॉर्न वाजला. सिस्टरांनी कैची खाली ठेवली. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचा तो समाजमंदिर भरून टाकणारा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"सगुणा, मी तुले 'तू सुटली' म्हनलं होतं. ते दोन शब्द परत घ्याले मी दोन-अडीच वर्षं इथं बसली. मले आता उठाचं आहे. तू नाही घेतली तं मी इथून उठू शकत नाही."

हॉर्न पुन्हा वाजला. सगुणाबाईने काडीपेटी ओढली. आखडलेल्या बोटांनी ती उघडायला वेळ लागला, पण तिने आम्हाला हात लावू दिला नाही. गोळी जिभेवर ठेवली, पाण्याशिवाय गिळली. मग सिस्टरांकडे बघून म्हणाली, "लाभ."

सिस्टरांना कळलं नाही आधी.

"ही माही पहिली," सगुणाबाई म्हणाली. "उद्याची दोन."

आणि तिने कोपर पुढे केलं. मी दुसऱ्या बाजूला लागले. सिस्टर उठल्या, खांब धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या, सगुणाबाईच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि गेल्या. ऑटोची मागची सीट त्यांनी एकट्यांनी भरून टाकली. मिस्टर ड्रायव्हरशेजारी बसले. वळणावर ऑटो हळू झाला तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं. जांभळ्या साडीवर तंबाखू सांडला होता, आणि त्या तो झटकत नव्हत्या.

मला बिडी वळता येत नाही. मी वळलेली सुटून येते, आणि सगुणाबाई चिडते. तरी संध्याकाळी मी तिच्याकडे जाते, अर्धं सूप ती आणि पाव सूप मी, जमेल तसं. गोळी घे असं मी तिला म्हणत नाही. मी दारात दिसले की ती आपणच काडीपेटी उघडते, गिळते, आणि आकडा सांगते. घरी जाताना मी सिस्टरांना फोन लावते आणि तो आकडा कळवते. त्या फक्त "बरं" म्हणतात.

काल सगुणाबाई दोनशे अकरा म्हणाली.